एका ओळीत लिहिलं म्हणून प्रोग्रॅम जोरात धावतो का?

(वाशी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते सर मोठमोठ्या विषयांना जरा बिचकूनच असत. ‘संगणक आणि मानवजातीचं भवितव्य’ असल्या विषयावर बोलायला कुणी बोलावलं तर ते तब्येतीचं कारण सांगत. त्यांना बारके प्रश्न आवडत. म्हणून आज मीही एक बारका प्रश्न घेऊन आलोय. नेरूळ, वाशी, खारघर, पनवेल इथल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये तो ऐकू येतो. चार स्टेटमेंटांचं काम एकाच स्टेटमेंटमध्ये कोंबलं, तर कंपाइल झालेला प्रोग्रॅम जास्त वेगानं चालतो का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही चालत. वेळापत्रक बारीक टायपात छापलं म्हणून पनवेलची गाडी सीएसएमटीला लवकर पोचत नाही. पण एवढ्यावर खाली बसलो तर आयोजक मला चहाही देणार नाहीत. शिवाय हे ‘नाही’ जितकं सरळ वाटतं तितकं ते नाही. एके काळी याचं उत्तर ‘हो’ होतं, आणि आजही एका कोपऱ्यात ते ‘हो’ आहे. त्या कोपऱ्यापर्यंत तुम्हाला घेऊन जायचंय.

आधी एक उदाहरण अगदी जवळून बघू. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची आहे. एक मुलगी सी भाषेत असं लिहिते:

बेरीज = अ + ब;
बेरीज = बेरीज + क;
सरासरी = बेरीज / ३;

आणि शेवटी सरासरी परत करते. शेजारचा मुलगा हसतो आणि एकच ओळ लिहितो, परत कर (अ + ब + क) / ३. त्याच्या मते त्यानं दोन व्हेरिएबलं वाचवली, म्हणजे मेमरी वाचली, म्हणजे वेळ वाचला. आता दोघांच्या फाइली जीसीसी कंपायलरला द्या. सोबत ‘ओ-टू’ हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय द्या आणि ‘एस’ देऊन असेंब्ली, म्हणजे यंत्रसूचनांचा वाचता येणारा मजकूर, बाहेर काढा. फाइलीचं नाव सोडलं तर दोन्हींतल्या सूचना सारख्याच निघतात.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. त्या असेंब्लीत भागाकार शोधा, सापडत नाही. दोघांनीही ‘भागिले ३’ लिहिलं होतं, पण कंपायलरनं त्या जागी १,४३,१६,५५,७६६ या संख्येनं गुणलंय आणि उत्तराचा वरचा अर्धा भाग उचललाय. ही संख्या म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात भागिले तीन, वरच्या पूर्णांकापर्यंत नेलेला. प्रोसेसरला भागाकार महाग पडतो आणि गुणाकार त्या मानानं स्वस्त, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड आणि पीटर माँटगोमेरी यांनी १९९४ साली ही रीत नीट मांडली आणि ती जीसीसीमध्ये उतरली. वेळ कुणी वाचवला असेल तर तो यांनी. ओळी मोजणाऱ्या आपल्या मुलाला त्याचा पत्ताही नाही.

हे घडतं कसं? कंपायलर तुमचा मजकूर वाचतो तो फक्त पहिल्या पायरीवर. तिथे ओळी, रिकाम्या जागा, कंस, तुमची कलाकुसर सगळं गळून पडतं आणि एक झाड उरतं. मग ते झाडही मोडलं जातं. जीसीसीत त्याला गिम्पल म्हणतात. २००५ सालच्या जीसीसी ४.० पासून ते आलं. गिम्पलमध्ये साधारणपणे एका विधानात एकच क्रिया असते. ट१ म्हणजे अ अधिक ब, ट२ म्हणजे ट१ अधिक क, ट३ म्हणजे ट२ भागिले ३. त्या मुलानं हौसेनं एकत्र बांधलेली मोळी कंपायलर पहिल्याच चौकीवर सोडतो आणि काड्या वेगळ्या करतो. म्हणजे ती मुलगी आपसूक जे लिहीत होती, त्याच रूपात कंपायलर त्या मुलाचं लिखाण आणून ठेवतो.

मग दुसरं काम होतं. प्रत्येक व्हेरिएबलला जितक्या वेळा किंमत दिली तितकी वेगळी नावं मिळतात, बेरीज-एक, बेरीज-दोन वगैरे. आयबीएमच्या आसपासच्या पाच जणांनी, सायट्रन, फेरांते, रोझेन, वेगमन आणि झाडेक यांनी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे रूप बसवलं आणि १९९१ च्या निबंधात सविस्तर मांडलं. तुम्ही एकच व्हेरिएबल दहा वेळा वापरा किंवा दहा व्हेरिएबलं एकेकदा वापरा, या रूपात दोन्ही सारखंच दिसतं. कुठली किंमत प्रोसेसरच्या कुठल्या रजिस्टरमध्ये राहील हे फार नंतर ठरतं, आणि ते ठरवताना तुमची नावं कुणी विचारत नाही. ‘व्हेरिएबल वाचवलं’ या वाक्याला तिथे काही अर्थच उरत नाही.

या विषयात आपल्या घरचं एक नाव आहे, आणि ते इथे घेतलं नाही तर मला चैन पडणार नाही. खाडीपलीकडे पवईला, आयआयटी मुंबईत, प्राध्यापक धनंजय धामधेरे होते. मुंबई विद्यापीठाची मुलं त्यांना सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या जाड पुस्तकामुळे ओळखतात. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांचं नाव घेतलं जातं, कधी भक्तीनं, कधी दुसऱ्या भावनेनं. पण त्यांचं जगात नाव झालं ते वेगळ्या कामामुळे, आणि ते काम थेट आपल्या आजच्या प्रश्नाशी भिडतं.

समजा प्रोग्रॅममध्ये एक फाटा आहे. डाव्या वाटेवर ‘अ गुणिले ब’ काढलंय, उजव्या वाटेवर नाही. पुढे दोन्ही वाटा एकत्र येतात आणि तिथे पुन्हा ‘अ गुणिले ब’ काढलंय. डावीकडून येणाऱ्याला हा गुणाकार फुकटचा आहे, कारण तो झालेला आहे. उजवीकडून येणाऱ्याला तो हवाच. म्हणजे हिशेब निम्मा अनावश्यक. एतिएन मोरेल आणि क्लोद रन्व्हाझ या फ्रेंच जोडीनं १९७९ साली यावर तोडगा दिला. उजव्या वाटेवर तो गुणाकार आधीच घालायचा, म्हणजे संगमावरचा काढून टाकता येतो. कुठल्याच वाटेवर एकापेक्षा जास्त गुणाकार होत नाही. तोडगा सुंदर होता, पण त्यात अडचणी होत्या. काही वेळा गुणाकार घालायला योग्य जागाच नसायची, काही वेळा तो विनाकारण फार आधी सरकायचा आणि रजिस्टर अडवून बसायचा. धामधेरेंनी १९८८ साली दाखवलं की जिथे जागा नाही तिथे वाटेच्या मधोमध, दोन ठोकळ्यांना जोडणाऱ्या कडेवर, नवीन जागा करता येते. मग १९९१ साली त्यांनी मूळ रीत व्यवहारात वापरण्याजोगी करून मांडली. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी त्यांच्यासोबत १९९४ साली या प्रकारच्या विश्लेषणाचा सर्वसाधारण सिद्धांत लिहिला. खेडकर काही वर्षं पुणे विद्यापीठात शिकवून पवईला परत आले. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत त्यांनी २००९ साली डेटा फ्लो ॲनालिसिसवर ग्रंथ लिहिला आणि जीसीसीचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की या संपूर्ण खटाटोपात ‘स्टेटमेंट’ हे एकक कुठेच नाही. धामधेरेंच्या समीकरणांना ‘अ गुणिले ब’ ही पदावली दिसते आणि तिच्यापर्यंत पोचणाऱ्या वाटा दिसतात. ती एका ओळीत होती की पाच ओळींत, तिच्यापुढे अर्धविराम होता की स्वल्पविराम, हे त्यांना विचारायचंच नसतं. म्हणून कुणी म्हणालं की ‘मी पाच ओळींची एक केली, आता ऑप्टिमाइझ झालं’, की मला सरांचा चेहरा आठवतो. ते काही बोलत नसत. नुसतं ‘असेंब्ली दाखव’ म्हणत.

ही समजूत आली कुठून? मुलं वेडी नसतात. त्यांनी ती कुठून तरी उचललेली असते, आणि शोध घेतला तर तिच्या बुडाशी काही ना काही खरं सापडतं.

सर्वांत जवळचं मूळ लॅबमध्ये आहे. जीसीसीला काहीच पर्याय दिला नाही तर तो ऑप्टिमायझेशन करत नाही. तशा वेळी प्रत्येक व्हेरिएबलला स्टॅकवर घर मिळतं, प्रत्येक किंमत तिथे लिहिली जाते आणि पुढच्या ओळीला पुन्हा वाचली जाते, म्हणजे डीबगरला ती दिसावी. अशा अवस्थेत आपल्या मुलाची एक ओळ खरोखरच थोडी हलकी पडते, कारण मधली लिहिणं-वाचणं टळतात. मुलानं मोजलं, फरक दिसला, आणि समज पक्की झाली. पण त्यानं मोजला तो कंपायलर झोपेत असताना. आपल्याकडे तर वर्षानुवर्षं टर्बो सी चालत आलं, डॉससाठीचा सोळा बिटी कंपायलर. नव्या विंडोजवर तो चालेनासा झाला तेव्हा डॉसबॉक्समध्ये घालून चालवला गेला, पण सोडला नाही. त्याची ऑप्टिमायझेशनची समज त्याच्या काळापुरतीच होती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर शिकलेली पिढीच्या पिढी त्याच्याच निळ्या पडद्यासमोर बसली. मीही त्यातलाच. त्या पडद्यावर जे खरं होतं ते आम्ही कायमचं खरं धरलं.

दुसरं मूळ आणखी जुनं. १९८४ साली सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. आज सभागृहात त्या वयाची दोन-चार डोकी दिसताहेत. त्यावरचं बेसिक कंपाइल होत नसे; ओळीमागून ओळ वाचत, समजून घेत चालायचं. मेमरी ३२ किलोबाइट. प्रत्येक ओळीच्या क्रमांकाला जागा लागायची, आणि अमुक ओळीवर जा म्हटलं की ती ओळ शोधायला प्रोग्रॅम वरून खाली चाळला जायचा. तिथे अपूर्णविराम टाकून चार कामं एका ओळीत लिहिणाऱ्याला जागाही मिळायची आणि वेळही. म्हणजे तेव्हा हे शहाणपणच होतं.

तिसरं मूळ सी भाषेच्याही आधीचं, आणि मला ते फार आवडतं. ‘प्लस प्लस’ हे चिन्ह पीडीपी-११ या यंत्राच्या सोयीसाठी आलं, असं वर्गावर्गात सांगितलं जातं. सी भाषा घडवणारे डेनिस रिची यांनी स्वतः लिहून ठेवलंय की हे कालक्रमात बसत नाही. त्यांचा सहकारी केन थॉम्प्सननं ते चिन्ह सीच्या आधीच्या बी भाषेत आणलं तेव्हा पीडीपी-११ अस्तित्वातच नव्हतं. मग कशासाठी आणलं? रिचींच्या मते बहुधा एवढ्यासाठी की थॉम्प्सनच्या त्या चिमुकल्या कंपायलरमध्ये ‘क्ष मध्ये एक मिळव’ याचं भाषांतर ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ याच्यापेक्षा आखूड निघायचं. मजकुराचा आखूडपणा आणि यंत्रसूचनांचा आखूडपणा तिथे खरोखर हातात हात घालून होते. पन्नास वर्षं झाली, तो हात कधीच सुटलाय. आज दोन्ही प्रकारे लिहा, सूचना एकच येते.

या वारशाचं सर्वांत हास्यास्पद रूप म्हणजे कॅम्पस भरतीच्या लेखी परीक्षेतलं ते कोडं, आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय, उत्तर काय? सीच्या मानकानुसार याला उत्तरच नाही. एकाच पदावलीत एकच व्हेरिएबल, मध्ये कुठलाही ठरलेला थांबा नसताना, दोनदा बदललं, तर काय व्हावं हे भाषा सांगतच नाही. कंपायलर काहीही करू शकतो. तरी चार पर्याय देऊन त्यातल्या एकावर खूण करायला लावतात, आणि ज्याला खरं ठाऊक असतं त्याचाच गुण जातो.

आता उलट बाजू बघू. लांब लिहिलं म्हणून वेग वाढतो अशी उदाहरणं मला आखूडपणाच्या उदाहरणांपेक्षा जास्त सापडतात.

एका फाइलीतली सगळी अक्षरं मोठी करायची आहेत. फॉर लूपच्या अटीतच लिहिलं, आय हा त्या मजकुराच्या लांबीपेक्षा कमी आहे तोवर, आणि ती लांबी तिथेच ‘स्ट्रलेन’नं विचारली. दिसायला नीटनेटकं, एका ओळीत सगळं. पण स्ट्रलेनला लांबी ठाऊक नसते. ती दर वेळी सुरुवातीपासून शून्य सापडेपर्यंत चालत जाते. शिवाय लूपच्या आत आपण त्याच मजकुरात लिहितोय, त्यामुळे लांबी बदलणार नाही याची कंपायलरला खात्री देता येत नाही, आणि तो ही मोजणी लूपबाहेर काढत नाही. दहा हजार बाइटच्या मजकुराला दहा कोटी बाइट चालावे लागतात. वर एक ओळ वाढवा, लांबी आधी काढून ठेवा, दहा हजारांत भागतं. (जाता जाता सांगतो, ‘मराठी’ या शब्दाला स्ट्रलेन पंधरा म्हणते. युनिकोडचे पाच घटक, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट. म्हणजे आपल्या भाषेत ही चूक इंग्रजीहून महाग पडते. अक्षरं मोठी करायची सोय नाही, एवढाच दिलासा.)

दुसरं उदाहरण पॉइंटरचं. एका फंक्शनला पूर्णांकांचा ॲरे दिलाय आणि बेरीज जिथे ठेवायची तो पत्ता दिलाय. लूपमध्ये एकच ओळ आहे, त्या पत्त्यावर पुढचा आकडा मिळव. यापेक्षा आखूड काय लिहिणार? पण कंपायलरपुढे पेच असतो. तो पत्ता त्या ॲरेच्या आतलाच असला तर? मग बेरीज बदलताच ॲरेही बदलेल. अशी शंका असली की तो सहसा दर फेरीला मेमरीत लिहीत बसतो. आता दोन ओळी वाढवा. सुरुवातीला स्वतःची एक स्थानिक बेरीज घ्या, लूप तिच्यावर चालवा, शेवटी एकदाच पत्त्यावर ठेवा. कंपायलरची शंका फिटते, बेरीज रजिस्टरमध्ये राहते, आणि जमलं तर तो एका सूचनेत अनेक आकडे मिळवतो. वाढवलेलं व्हेरिएबल इथे कंपायलरला दिलेली माहिती आहे. सी-९९ मध्ये याच कारणासाठी ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्दच आणावा लागला.

तिसरं, ती प्रसिद्ध अदलाबदल. तात्पुरतं व्हेरिएबल न वापरता एक्सॉर तीनदा करून दोन किमती बदलायच्या, तेही एका ओळीत. वर्गात हे केलं की टाळ्या पडतात. पण प्रत्येक एक्सॉर आधीच्याच्या उत्तरासाठी थांबतो, म्हणून प्रोसेसरला ते एकाच वेळी करता येत नाहीत. साध्या तात्पुरत्या व्हेरिएबलची अदलाबदल मात्र कंपायलर नुसती नावं बदलून भागवतो, अनेकदा एकही सूचना उरत नाही. शिवाय ॲरेमधल्या दोन जागा चुकून एकच निघाल्या तर एक्सॉरवाल्याच्या हाती शून्य येतं. आणि एका ओळीत लिहिलेलं ते रूप सीमध्ये आय प्लस प्लसच्याच कोड्यात मोडतं.

खरा वेळ जातो तो भलतीकडेच. चार हजार बाय चार हजार पूर्णांकांचा तक्ता घ्या, ६.४ कोटी बाइट. आडव्या ओळीनं चाललात तर मेमरीतून येणाऱ्या ६४ बाइटच्या प्रत्येक तुकड्यातले सोळाही आकडे कामी येतात. उभं चाललात तर एका आकड्यासाठी तुकडा आणायचा आणि उरलेले पंधरा फेकायचे. दोन फॉर लूपांची अदलाबदल, स्टेटमेंटची संख्या तीच. मेमरीतून एक तुकडा येईतो प्रोसेसर शेकडो बेरजा करू शकला असता. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ यांनी १९७१ साली लोकांचे खरेखुरे फोरट्रान प्रोग्रॅम गोळा करून तपासले, तेव्हा आढळलं की साधारणपणे प्रोग्रॅमच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून जास्त वेळ जातो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की किंमत देणारी बहुतेक स्टेटमेंटं अगदी साधीसुधी असतात. लोक गुंतागुंतीचं लिहीतच नव्हते.

आता तो कोपरा, जिथे उत्तर ‘हो’ आहे.

दशांश अपूर्णांकांचं गणित करताना प्रत्येक क्रियेनंतर उत्तर कापलं जातं, गोल केलं जातं. ‘अ गुणिले ब अधिक क’ यात दोनदा कापाकापी होते, गुणाकारानंतर एकदा, बेरजेनंतर एकदा. आजच्या प्रोसेसरांत एक अशी सूचना असते जी गुणाकार आणि बेरीज मिळून करते आणि एकदाच कापते. ती वेगवानही आहे आणि सहसा अचूकही. इंटेलनं ती २०१३ च्या हॅसवेल पिढीत आणली. आपल्या मोबाइलमधल्या ६४ बिटी एआरएम प्रोसेसरांत ती मुळातच असते. पण कंपायलरनं ती परस्पर वापरावी का? उत्तर किंचित बदलतं, म्हणून सीच्या मानकानं परवानगी दिली ती मर्यादा घालून, एकाच पदावलीच्या आत. आणि २०२२ सालच्या आवृत्ती १४ पासून क्लँग हा कंपायलर ही मर्यादा शब्दशः पाळत ही जोडणी आपणहून करतो. गुणाकार आणि बेरीज एकाच स्टेटमेंटमध्ये असतील तर जोडायच्या, दोन स्टेटमेंटांत असतील तर नाही.

म्हणजे पाहा, दोन ओळी एक केल्यानं सूचना बदलते, वेगही बदलू शकतो. तो लॅबमधला मुलगा इथे जिंकला. जीसीसी मात्र आपल्या नेहमीच्या पद्धतीत चालत असेल तर ओळींची ही हद्द मानत नाही आणि दोन स्टेटमेंटांतूनही जोडून टाकतो. एकच मजकूर, दोन कंपायलर, दोन वागणुकी.

पण जिंकलेल्या मुलानं पुढची गोष्टही ऐकावी. क्ष वर्ग वजा य वर्ग, आणि क्ष व य दोन्ही ०.१. उत्तर शून्य यायला हवं. जोडणी झाली तर एक वर्ग कापलेला असतो आणि दुसरा अख्खा वापरला जातो, आणि वजाबाकीत त्या कापाकापीचा शेष उरतो. फार लहान, पण शून्य नाही. ऋणही असू शकतो. त्याचं वर्गमूळ काढायला गेलात तर हाती संख्याच येत नाही. अभियांत्रिकीच्या कामात, पुलाच्या आणि इमारतीच्या हिशेबात, काल जुळलेले आकडे आज नव्या यंत्रावर शेवटच्या घरात जुळेनासे होतात तेव्हा हे एक कारण तपासावं लागतं. ओळ कुठे तोडायची हा इथे सुबकपणाचा प्रश्न राहत नाही, गणिताचा होतो. अशा जागी दोन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवाव्यात किंवा कंपायलरला स्पष्ट शब्दांत मनाई करावी. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे, कारण पुढच्या वर्षी एखादा हौशी माणूस येऊन त्या दोन ओळी पुन्हा एक करणारच.

ऐरोलीच्या आणि महापेच्या कंपन्यांत आता बरीच मुलं पायथनमध्ये असतात. ती म्हणतील, सर, आमच्याकडे तर एका ओळीचं नक्कीच जलद चालतं. हो, अनेकदा चालतं. लूप लिहून बेरीज करण्यापेक्षा ‘सम’ला यादी देणं जलद, आणि नमपायला अख्खा ॲरे देणं त्याहून कितीतरी जलद. पण कारण ओळ नाही. पायथनचा लूप फेरीगणिक सूचना वाचत, प्रकार तपासत चालतो. सम आणि नमपायच्या आत तेच काम आधीच कंपाइल झालेल्या सीमध्ये होतं. तुम्ही काम दुसऱ्याकडे सोपवलंत, आणि सोपवायला एक ओळ पुरते. तीच ओळ चार तुकड्यांत, मधल्या नावांसकट लिहा, सहसा मोजण्याजोगा फरक पडत नाही.

एका ओळीची किंमत वसूल होते ती दुसऱ्याच खिडकीवर. रात्री अडीच वाजता प्रोग्रॅम कोसळतो आणि लॉगमध्ये ओळीचा क्रमांक येतो. जावात ग्राहकाचा पत्ता, पत्त्यातलं शहर, शहराचं नाव असं टिंबांनी जोडत नेलेलं स्टेटमेंट असतं आणि संदेश एवढाच की या ओळीवर काहीतरी रिकामं निघालं. काय? पत्ता की शहर? अनेक वर्षं उत्तर नसायचं. माणसं ओळ फोडून, पुन्हा कंपाइल करून, पुन्हा कोसळण्याची वाट बघत. शेवटी २०२० साली जावाच्या चौदाव्या आवृत्तीनं त्या ओळीतला नेमका कुठला तुकडा रिकामा होता हे सांगायची सोय केली. पायथननं २०२२ साली ३.११ मध्ये तेच केलं. आता चुकलेल्या पदावलीखाली खुणा येतात. त्यासाठी प्रत्येक सूचनेसोबत ओळीतली नेमकी जागा साठवावी लागते, आणि कंपाइल झालेल्या पायथन फाइली त्यामुळे सुमारे वीस टक्क्यांनी फुगल्या. ज्यांना ती जागा जड वाटते त्यांच्यासाठी हे बंद करायचा पर्यायही ठेवलाय. मी तो अजून कुणाला वापरताना पाहिलेला नाही.